चांदबिबीला जयंती का नाही?

प्रश्न : नगरहून पाथर्डीकडे येताना डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसतो. तिने तोफेतून सोन्याचे गोळे डागले, ही गोष्ट आजीने किती वेळा सांगितली असेल! पण जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर करताना तिचं नाव कुठे ऐकू आलं नाही. एक कथा राजकारणात उतरते आणि दुसरी डोंगरावरच राहते, असं का?
— एक वाचक, पाथर्डी तालुका

उत्तर : आधी थोडा विरस करतो. तो महाल चांदबिबीचा नाही. शहाडोंगरावरची ती तीन मजली, अष्टकोनी इमारत म्हणजे निजामशाहीचा मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर. तरी नगर भागात कुणालाही विचारा, उत्तर चांदबिबी असंच येईल. दंतकथेचं बळ किती असतं ते इथेच कळतं. मंत्र्याने स्वतःसाठी बांधलेली कबरसुद्धा तिने राणीला देऊन टाकली.

आणि राणी होतीच तशी. हुसेन निजामशहाची लेक, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. 1595 च्या अखेरीस शहजादा मुरादच्या मुघल फौजेने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला आणि सुरुंगाने तट पाडला. चांदबिबी स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतलं. पुढे वऱ्हाड देऊन तह झाला. 1600 मध्ये तिला मारलं ते मात्र तिच्याच माणसांनी, आणि किल्ला मुघलांकडे गेला. शौर्य, फितुरी, सोन्याचे गोळे... कथेत कमी काहीच नाही.

माझ्या मते कमी आहे ते कथेबाहेर. राजकारणाला नुसती कथा पुरत नाही. लोक जमतील अशी जागा लागते, दरवर्षी परत येणारी तारीख लागते आणि 'ही आमची' म्हणणारा समाज लागतो. चांदबिबीची जन्मतारीख इतिहासाने नोंदवून ठेवलेली नाही आणि तिची निजामशाही 1636 मध्ये कायमची बुडाली.

हे गणित टिळकांना अचूक कळलं होतं. शिवाजी महाराजांच्या कथा पोवाड्यांतून घरोघर होत्याच. 1869 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या पोवाड्यात त्यांना 'कुळवाडीभूषण' म्हणून शेतकऱ्यांचा राजा केलं होतं. टिळकांनी 1895 मध्ये रायगडावरच्या समाधीसाठी निधी उभारायला घेतला आणि 1896 मध्ये तिथे उत्सव भरवला. जागा मिळाली, तिथी मिळाली. पुढच्याच वर्षी पुण्याच्या उत्सवात अफझलखानाच्या वधावर भाषणं झाली, 'केसरी'त मजकूर आला, काही दिवसांतच पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. 1659 सालच्या वधाचा काथ्याकूट 1897 मध्ये मुंबईच्या कोर्टात झाला! शिक्षा दीड वर्षाची.

याहून नवल बंगालचं. तिथे मराठे म्हणजे 1740 च्या दशकात मुलूख लुटणारे 'बर्गी'. त्यांच्या नावाने आया मुलांना झोपवत. त्याच कलकत्त्यात सखाराम गणेश देऊस्कर या मराठी माणसाने शिवाजी उत्सव सुरू केला, रवींद्रनाथांनी त्यावर कविता लिहिली आणि 1906 मध्ये टिळक स्वतः तिथे गेले. गरज पडली की लोक आजोबांची आठवणसुद्धा बाजूला ठेवतात.

परदेशातही तारखेची हीच करामत दिसते. 1389 ची कोसोव्होची लढाई सर्बांनी 28 जूनला धरली. 1914 मध्ये ऑस्ट्रियाचा युवराज साराएव्होत मारला गेला तो 28 जूनला, आणि 1989 मध्ये त्याच रणभूमीवर लाखोंच्या सभेपुढे सर्बियाचा नेता मिलोशेविच बोलला तेही 28 जूनला. आपल्याकडे शिवजयंतीची तारीख की तिथी, हा वाद उगाच पेटत नाही.

आता चौंडी. जामखेड तालुक्यातल्या या गावी 31 मे 1725 रोजी अहिल्यादेवींचा जन्म झाला. इथे सगळंच जुळलं : गाव आहे, तारीख आहे आणि धनगर समाज आहे, ज्याची अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी वर्षानुवर्षं तशीच पडून आहे. 31 मेला चौंडीत गर्दी होऊ लागली, तसे सगळ्याच पक्षांचे पाय तिकडे वळले. नामांतराची घोषणा मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी 2023 मध्ये तिथेच, त्याच दिवशी केली. 2024 मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. त्रिशताब्दीच्या वर्षी, 6 मे 2025 ला, अख्खं मंत्रिमंडळ बैठकीसाठी चौंडीला आलं. अहिल्यादेवी दंतकथा नव्हेत. महेश्वरहून त्यांनी जवळपास तीस वर्षं केलेला कारभार कागदोपत्री आहे. पण त्यातलं काय उचलायचं हे ज्याचं तो ठरवतो. कुणाला काशीचं देऊळ बांधणारी राणी हवी, कुणाला धनगराची लेक, कुणाला चोख हिशेब ठेवणारी प्रशासक. (नगरकर मात्र पूर्वीही 'नगर'च म्हणायचा आणि आजही एसटीत 'एक नगर द्या' असंच म्हणतो.)

जाता जाता याच तारखेची एक गंमत. 31 मे 1916 ला टिळक नगरमध्ये होमरूलवर बोलले. ते भाषण, दुसऱ्या दिवशीचं भाषण आणि आधीचं बेळगावचं भाषण धरून सरकारने त्यांच्याकडे वीस हजारांचा जातमुचलका मागितला. बॅरिस्टर जिनांनी त्यांची बाजू मांडली आणि नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. स्वराज्याच्या लढ्यातला केवढा मोठा प्रसंग, तोही खुद्द आपल्या नगरचा. तरी आज 31 मे म्हटलं की जिल्ह्याला चौंडी आठवते. त्या भाषणाचं नाव कुणी काढत नाही.