प्रेमस्वरूप देव आणि सार्वकालिक शिक्षा

ख्रिस्ती धर्माच्या शिकवणुकींत दोन गोष्टी शेजारीं शेजारीं आढळतात. देव प्रेमस्वरूप असून तो मनुष्यमात्राचा पिता आहे, ही एक. आणि पश्चात्ताप न करणाऱ्या पाप्यास मरणानंतर सार्वकालिक शिक्षा आहे, ही दुसरी. या दोहोंचा मेळ कसा घालावा हें विचारी विद्यार्थ्यास कळेनासें होतें. ज्या पित्यानें उधळ्या पुत्रास दुरून पाहतांच धांवत जाऊन मिठी मारिली, तोच पिता दुसऱ्या एखाद्या पुत्रास कधींही न विझणाऱ्या अग्नींत कायमचा कसा टाकील? या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. माहीम, पालघर, बोईसर, तारापूर या आमच्या पट्ट्यांत हिंदु, ख्रिस्ती, मुसलमान, पारशी व आदिवासी अशीं कुटुंबें एकमेकांच्या शेजारीं नांदतात, व त्यांचीं मुलें एकाच बांकावर बसून शिकतात. ख्रिस्ती विद्यार्थ्याच्या मनांत येतें कीं, आमच्या ज्या पूर्वजांनीं ख्रिस्ताचें नांवही ऐकलें नव्हतें, त्यांची गति काय झाली असेल? हिंदु विद्यार्थ्याच्या मनांत येतें कीं, माझ्या पुण्यशील आजीविषयीं हे लोक मनांतून काय समजत असतील? भिडेमुळें कोणी हें उघड विचारीत नाहीं. परंतु न विचारलेला प्रश्न मनांत सलत राहतो, व पुढें तोच अश्रद्धेचें किंवा द्वेषाचें मूळ होतो. म्हणून तो उघड मांडलेला बरा.

हाच प्रश्न एका मराठी पंडितास मोठ्या तीव्रतेनें पडला होता. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ सालचा. घराणें कोंकणस्थ ब्राह्मणाचें, वास्तव्य काशीस. जॉन म्यूर यांनीं १८३९ सालीं ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताचें मंडन केलें, तेव्हां नीळकंठशास्त्र्यांनीं वयाच्या विशीच्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचून त्यास उत्तर दिलें. ख्रिस्ती मतावरील त्यांच्या आक्षेपांत अनंत नरकाचा आक्षेप मोठा होता. जीवास पूर्वजन्म नाहीं, पूर्वकर्म नाहीं. मग देवानेंच नव्यानें निर्माण केलेला जीव अनंत यातनेंत पडावा, यांत देवाची दया ती कोठें राहिली? हेच शास्त्रीबुवा पुढें १८४८ सालीं बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले. पंडिता रमाबाईंस ख्रिस्ती धर्माचा विचार करितांना ज्यांच्या लेखनाचें साहाय्य झालें, तेच हे गोऱ्हे. परंतु धर्मान्तरानें त्यांची ही शंका आपोआप मिटली नाहीं. त्यांस तिच्याशीं झुंजावें लागलें, आणि १८६८ सालीं सार्वकालिक शिक्षेवरील आक्षेपांचा परामर्श घेणारी एक स्वतंत्र इंग्रजी पुस्तिका त्यांनीं कलकत्त्यास प्रसिद्ध केली. तरुणपणीं जो आक्षेप स्वतः घेतला, त्यालाच प्रौढपणीं उत्तर द्यावयास बसण्याचा हा प्रसंग कांहीं सामान्य नव्हे.

हा आक्षेप भारतीय मनास विशेष टोंचतो, याचें कारण उघड आहे. नरकाची कल्पना आपल्या पुराणांतही आहे, आणि तींतील यातनांचीं वर्णनें सौम्य नाहींत. परंतु मध्वमतासारखा अपवाद वगळल्यास, तेथील भोग संपणारा आहे. कर्म मर्यादित, म्हणून फलही मर्यादित. भोग सरला कीं जीव पुन्हा मार्गास लागतो. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यांतील पापास अंत नसलेली शिक्षा, हें प्रमाण आमच्या न्यायबुद्धीस जुळत नाहीं. ही अडचण केवळ हिंदूंस वाटते असें नाहीं. ख्रिस्ती मंडळींतही ती पहिल्या शतकांपासून वाटत आली आहे.

प्रथम मूळ शब्दांकडे पाहूं. ख्रिस्तानें नरकासाठीं जो शब्द योजिला तो ‘गेहेन्ना’. यरुशलेमाच्या दक्षिणेस हिन्नोमाचें खोरें आहे, त्यावरून हा शब्द आला. आहाज व मनश्शे या राजांच्या काळीं त्या खोऱ्यांत मुलांचा अग्नींत होम केला जात असे, व यिर्मया संदेष्ट्यानें त्याचा कडक निषेध केला. म्हणजे मनुष्याच्या क्रौर्यानें भ्रष्ट झालेली जागा हेंच नरकाचें नांव ठरलें. दुसरा शब्द ‘सार्वकालिक’. मूळ ग्रीक शब्दाचा संबंध ‘युग’ या अर्थाच्या शब्दाशीं आहे. कांहीं विद्वान् म्हणतात कीं, त्यांत अंत नसण्यापेक्षां पुढील युगाशीं संबंध असण्याचा अर्थ मुख्य आहे. परंतु मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत एकाच वाक्यांत जीवनास व शिक्षेस तोच शब्द लाविला आहे, हें विसरतां येत नाहीं.

या शब्दांवरून मंडळींत तीन पक्ष झाले.

पहिला पक्ष बहुसंख्य मंडळींचा. त्याचा मोठा पुरस्कर्ता आगस्तिन (३५४ ते ४३०). त्याचें म्हणणें, जीवन अनंत तर शिक्षाही अनंत; एका शब्दाचे दोन अर्थ करितां येत नाहींत. या पक्षाचें बळ असें कीं, तो पापास हलकें लेखीत नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं, दुष्टांस अखंड यातना नसून अखेरचा नाश आहे. अग्नि जाळतो, जपून ठेवीत नाहीं.

तिसरा पक्ष पुनःस्थापनेचा. तिसऱ्या शतकांतील ओरिजेन व चौथ्या शतकांतील निस्सा येथील ग्रेगरी यांस वाटे कीं, देवाचा अग्नि शुद्ध करणारा आहे, व शेवटीं सर्व जीव देवाकडे परत येतील. आपल्या भागांतील शेतकऱ्यास हा विचार समजावयास कठीण नाहीं. पावसापूर्वीं भाताच्या रोपासाठीं पालापाचोळा पसरून तो राब भाजतो. जमीन काळी होते, पण ती उद्ध्वस्त व्हावी म्हणून नव्हे, पीक चांगलें यावें म्हणून. ओरिजेनाच्या नांवें चाललेल्या मतांचा मंडळीनें ५५३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें निषेध केला. तरी ती आशा पुन्हा पुन्हा डोकें वर काढीत राहिली. १८९४ सालीं अमेरिकेंतून येऊन बलसाड व पुढें डहाणू भागांत ज्या ब्रदरन मंडळीनें काम केलें, व जी १९७० सालीं चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत सामील झाली, तिचा मूळ पुरुष अलेक्झांडर मॅक हाही अशीच आशा बाळगी. मात्र त्यानें एक इशारा देऊन ठेविला: दीर्घ युगांनंतर यातना संपेल या भरंवशावर आज कृपेची वेळ वायां घालविणारा मूर्ख होय, व जें त्यानें गमाविलें तें त्यास तसेंच परत मिळणार नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत हा वाद पेटला. १८५३ सालीं एफ्. डी. मॉरिस यांस याच विषयावरील मतांमुळें लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील जागा सोडावी लागली. १८३१ सालीं आपल्या मुंबईंत जन्मलेले फ्रेडरिक फॅरर यांनीं १८७७ सालीं वेस्टमिन्स्टर ॲबींत प्रवचनें करून, मरणानंतरही देवाच्या दयेस दार बंद नसावें अशी आशा बोलून दाखविली. त्यांस १८८० सालीं पुसी यांनीं विद्वत्तापूर्ण उत्तर दिलें. दोघेही श्रद्धावान् होते. यावरून एवढें दिसतें कीं, हा प्रश्न श्रद्धाळू व अश्रद्ध यांच्यामधला नसून श्रद्धाळूंच्या घरांतला आहे.

आतां आमचें मत सांगतों. प्रेम आहे म्हणून न्याय नको, हें म्हणणें प्रथमच टाकून दिलें पाहिजे. याच आपल्या उत्तर कोंकणांत वारली व इतर आदिवासी यांस पिढ्यान् पिढ्या वेठीस धरीत. लग्नासाठीं घेतलेल्या कर्जापायीं नवराबायको सावकाराघरीं ‘लग्नगडी’ म्हणून राबत, व प्रसंगीं मार खात. १९४५ सालीं उंबरगांव-डहाणू भागांतील वारली याविरुद्ध उठले, तेव्हां त्यांस गोळीबारही सोसावा लागला. ज्या देवास त्या माणसांच्या पाठीवरील वळांचें कांहीं वाटत नाहीं, आणि मारणारा व मार खाणारा यांस जो सारख्याच हास्यमुद्रेनें पाहतो, तो देव प्रेमळ म्हणावा काय? मुळींच नाहीं. प्रेम असतें म्हणूनच क्रोध येतो. न्यायाचा दिवस ही पीडितास मिळालेली सुवार्ता आहे.

परंतु न्याय हवा म्हणून अनंत सूडही हवा, असें सिद्ध होत नाहीं. बाप मुलास शिक्षा करितो ती सुधारावें म्हणून. सुधारण्याची आशाच नाहीं अशी निरंतर शिक्षा करणारा बाप आपण पाहिला, तर त्यास बाप म्हणणार नाहीं. आणि माणसाच्या बापाहून देव अधिक चांगला, असें ख्रिस्तानेंच शिकविलें. म्हणून देव हा स्वतः यातना देण्यांत रमतो, अशा प्रकारचें नरकाचें चित्र आम्हांस ख्रिस्ती वाटत नाहीं.

मग नरक म्हणजे काय? प्रेम बळजबरीनें घडत नाहीं. पित्यानें घराचें दार उघडें ठेविलें तरी बाहेर राहण्याची मोकळीक पुत्रास आहे. नाहीं तर तो पुत्र नव्हे, गुलाम ठरेल. ख्रिस्ताच्या दृष्टान्तांतील श्रीमंताच्या दाराशीं लाजर पडून होता. श्रीमंतानें त्यास हांकून दिलें नाहीं, मारिलें नाहीं; फक्त त्याकडे पाहिलें नाहीं. मरणानंतर त्या दोघांमध्यें जी मोठी दरी दिसली, ती दररोज थोडी थोडी त्या श्रीमंतानें स्वतःच आपल्या दाराशीं खणिली होती. असें मन घट्ट होत गेल्यास तें शेवटीं परत वळूंच शकणार नाहीं, ही भीति खरी आहे. नरक म्हणजे देवानें प्रेम करणें थांबविलें असें नव्हे. मनुष्यानें तें घेणें कायमचें नाकारिलें, असें होय. ही शक्यता प्रेमाच्या विरुद्ध नाहीं. तींत अमुक एक मनुष्य पडलाच, हें सांगण्याचा अधिकार मात्र कोणाही माणसास नाहीं. आणि कोणीही न पडो, अशी प्रार्थना करण्यास कोणाची मनाईही नाहीं.

राहतो प्रश्न पूर्वजांचा. संत फ्रान्सिस झेविअर, जे वसईसही येऊन गेले व ज्यांचें शरीर गोव्यास आहे, ते जपानांतून परतल्यावर १५५२ सालीं कोचीनहून लिहिलेल्या पत्रांत सांगतात कीं, तेथील नवे ख्रिस्ती आपल्या मृत आईबापांसाठीं रडत. त्यांस नरकांतून सोडवितां येणार नाहीं काय, असें विचारीत. झेविअर यांनीं उत्तर दिलें कीं, सुटका नाहीं. परंतु त्या प्रिय माणसांचें दुःख पाहून स्वतः त्यांसही व्यथा झाली. पुढें चार शतकांनीं, १९६४ सालीं, त्याच कॅथॉलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें शिकविलें कीं, ज्यांस स्वतःच्या दोषाशिवाय सुवार्ता कळली नाहीं, पण जे शुद्ध मनानें देवास शोधितात व विवेकास अनुसरून वागतात, त्यांसही तारण प्राप्त होऊं शकतें. त्या जपानी मुलांचे अश्रु म्हणजे अश्रद्धा नव्हती. प्रेम काय असतें हें नुकतेंच कळलें होतें, म्हणूनच तें आईबापांस सोडून स्वर्गांत जाण्यास तयार होईना.

यावरून दोन गोष्टी घ्याव्या. पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलांस धाक दाखविण्यासाठीं नरकाचा उपयोग करूं नये. भीतीनें खोटें लपवावयास मूल शिकतें, खरें बोलावयास नाहीं. आणि लहानपणीं ज्या देवाचें भय बसलें, त्यावर मोठेपणीं प्रेम करणें कठीण जातें.

विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, मेंढरें व शेरडें यांचा दृष्टान्त पुन्हा एकदां काळजीपूर्वक वाचावा. तेथें डावीकडे गेलेल्यांवरील आरोप कोणता? त्यांनीं भुकेल्यास अन्न दिलें नाहीं, परक्यास घरांत घेतलें नाहीं, आजाऱ्याचा व बंदिवानाचा समाचार घेतला नाहीं. त्यांच्या शेजाऱ्याचा धर्म कोणता होता, हें त्यांस कोणी विचारिलें नाहीं. म्हणून नरकाचा विचार करावयाचा तो दुसऱ्याच्या आजीविषयीं नव्हे, तर स्वतःच्या दाराविषयीं. आपल्या दाराशीं आज कोण पडलें आहे, हें पाहावें, व त्यास आंत घ्यावें. देवाच्या प्रेमाविषयींची आपली शंका त्या दिवशीं पूर्ण फिटेल असें नाहीं. पण आपल्या दाराशीं खणली जाणारी दरी मात्र तितकी बुजेल.