शाफ्ट, गिअर आणि केसाहून बारीक फट

(मालाड पश्चिमेला कांचपाड्यातील एका गाळ्यात, लेथपाशी, काका आणि पुतण्या.)

पुतण्या : काका, गिअरचा बोअर 8.00 मिलिमीटर आणि मोटरचा शाफ्ट मायक्रोमीटरवर 7.96 भरतो. एवढ्या क्षुल्लक फरकासाठी ग्रब स्क्रू जरा जास्त आवळला की भागेल ना?

काका : गिअर पक्का बसेल, पण मध्यावर बसणार नाही. स्क्रू एकाच अंगाने रेटतो, सबब शाफ्ट समोरच्या बाजूला टेकतो, सारी फट स्क्रूकडे गोळा होते आणि गिअरचा मध्य 0.02 ने ढळतो. डायल लाव, एका फेऱ्यात काटा 0.04 हलेल. मग दात एका बाजूला रुततात, दुसऱ्या बाजूला सैल पडतात, आणि तो ठेक्यात येणारा घरघराट सुरू होतो.

पुतण्या : पितळी पत्रा गुंडाळला तर?

काका : फट व्यासावर 0.04, म्हणजे प्रत्येक अंगाला तिच्या निम्मी. तेव्हा पत्रा 0.02 जाडीचाच हवा आणि त्याची टोके एकमेकांवर चढता कामा नयेत. इतका पातळ पत्रा गिअर सरकवताना चुरगळतोच. कित्येक जण पंचाचे ठोसे मारून शाफ्ट फुगवतात. ती रीत मला बिलकूल मंजूर नाही, कारण ते उंचवटे लवकरच दबतात आणि हातोडीचा प्रत्येक घाव मोटरच्या बेअरिंगला सोसावा लागतो.

पुतण्या : आणि गिअर तापवून?

काका : बोअरपेक्षा शाफ्ट किंचित मोठा असेल तिथे ते योग्य. 8 मिलिमीटरचा पोलादी बोअर 100 अंशांनी तापवला तरी जेमतेम 0.01 वाढतो, आणि निवला की मूळ मापावर येतो; आपली फट आहे तिथेच राहील.

पुतण्या : मग इलाज काय?

काका : लॉकटाइट 638 सारखा द्रव. हवेचा संपर्क तुटला आणि धातूचे सान्निध्य मिळाले, की तो घट्ट होतो. बारीक फटीत नेमकी हीच परिस्थिती असते, म्हणून 0.04 ची फट त्याला सहज भरता येते. दोन्ही पृष्ठे अ‍ॅसिटोनने निर्मळ पूस, शाफ्टवर पातळ थर दे आणि गिअर फिरवत फिरवत बसव, म्हणजे द्रव चहूबाजूंनी सारखा पसरेल. मग मोटर उलटी धरून शाफ्टचे तोंड खाली कर आणि गिअर सपाट ठोकळ्यावर टेकव. त्यायोगे द्रव बेअरिंगकडे ओघळत नाही आणि गिअरचा भारही एका अंगाला पडत नाही.

पुतण्या : पुढे गिअर काढायचा झाला तर?

काका : आधी मोटरपासून शाफ्ट सुटा करायचा, मग जोड सुमारे 250 अंशांपर्यंत तापवून गरम असतानाच ओढायचा. मात्र यंत्र वारंवार उलटसुलट फिरणारे, झटके खाणारे असेल, तर या द्रवावर भिस्त ठेवू नकोस. गिअरचा बोअर लेथवर मोठा करून त्यात बुश दाबून बसव आणि तो बुश या शाफ्टच्या मापाने आतून कात. आपली मोटर एकाच दिशेने आणि हलक्या भारावर चालते, तेव्हा द्रवच पुरे. फक्त पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात, तोवर तिला वीज जोडायची नाही.