चष्मा नजर परत देईल?

प्रश्न : बाबांना काचबिंदूमुळे फार अंधुक दिसतं. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’चा महागडा चष्मा घेतला तर गेलेली नजर परत येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, काचबिंदूने गेलेली नजर कोणताच चष्मा परत आणत नाही. हा चष्मा कॅमेऱ्यातलं दृश्य मोठं, ठळक करून दाखवतो. म्हणजे उरलेली नजर नीट कामी येते. आधी मोबाइलवरची मोफत ॲप वापरून पाहा. रिझर्व्ह बँकेचं २०२० मधलं ‘मनी’ नोट ओळखून सांगतं, गुगलचं ‘लुकआउट’ छापील मजकूर वाचून दाखवतं. औषधाचं नाव मात्र घरच्यांनी ताडून पाहावं. रस्त्यावर पांढरी काठी हवीच. चष्मा घ्यायचाच तर ‘लो व्हिजन’ (म्हणजे उरलेल्या नजरेची) तपासणी करून, बाबांना घालून बघू द्या. डोळ्यांत घालायचे थेंब चुकवू नका. उरलेली नजर टिकवायला ते मदत करतात.