सायकल शर्यत कुठून पाहावी?

मला सायकल शर्यत पाहायला फार आवडते. मुंबई-पुणे सायकल शर्यत १९४५ साली सुरू झाली. आपल्या शिरवण्याजवळच्या महामार्गासारख्या सपाट रस्त्यावर स्पर्धक घोळक्याने जातात. पुढचा वारा अडवतो, मागच्याला जोर कमी लागतो. आपण नीट बघेपर्यंत घोळका सर्रकन् गेलासुद्धा!

खोपोलीच्या पुढे बोरघाट लागतो. चढावर वेग मंदावतो, आडोशाचा उपयोग कमी होतो आणि घोळका फुटतो. मग एकेकाचा चेहरा दिसतो. घाट पहिला चढणारा ‘घाटाचा राजा’! म्हणून मी म्हणतो, शर्यत चढावर पाहावी.

पालकांनो, लहानग्यांचा हात घट्ट धरा. कोणी मध्येच रस्ता ओलांडला तर एकामागून एक सगळे पडतात. आणि टाळ्या शेवटच्यालाही वाजवाव्यात. घाट त्यानेही चढलेला असतो.