मिठाचे पाणी, भाताचे बियाणे आणि घनतेचे गणित

भाताच्या बियाण्यातील पोचट दाणे काढण्यासाठी महाराष्ट्रात ३ टक्के मिठाचे द्रावण सुचविले जाते: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. दिल्लीलगतच्या हरियाणातील बासमती पट्ट्यात हेच प्रमाण १० लिटरला १ किलो असते, तर छत्तीसगडमध्ये १७ टक्क्यांपर्यंत जाते. शेतकरी विचारतो, यातले बरोबर कोणते? उत्तर मिठात नसून घनतेत आहे.

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. साध्या पाण्याची घनता लिटरला सुमारे १ किलो. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळविल्यास वजन १०.३ किलो होते, आकारमान मात्र जेमतेम १०.१ लिटर, म्हणून घनता १.०२. १ किलो मिठाने ती सुमारे १.०६ होते आणि १.७ किलोने १.१०. ज्या दाण्याची घनता द्रावणापेक्षा कमी, तो तरंगतो. जास्त असेल तो बुडतो. म्हणजेच ३ टक्क्यांचे द्रावण केवळ अगदी हलके दाणे वेगळे करते, १७ टक्क्यांचे अर्धवट भरलेलेही वर आणते.

दाण्याची घनता काढणे अवघड नाही. पोत्यातील धानाचे वजन पोत्याच्या आकारमानाने भागून ती मिळत नाही, कारण दाण्यांमधील हवाही त्यात मोजली जाते. समजा, मोजपात्रात ६० मिलि पाणी आहे. त्यात ५० ग्रॅम बियाणे टाकून नीट ढवळल्यावर पातळी १०३ मिलिवर आली. बियाण्याचे आकारमान ४३ मिलि, घनता ५० ÷ ४३ = १.१६. कुसाला व टरफलाला चिकटलेले हवेचे बुडबुडे निघाले नाहीत, तर उत्तर चुकते. याच बुडबुड्यांमुळे प्रत्यक्ष प्रक्रियेतही चांगले दाणे तरंगतात. म्हणून बियाणे ढवळल्याशिवाय वरचे दाणे काढू नयेत.

द्रावण तपासण्यासाठी अंड्याचा उपयोग करण्याची रीत आहे. ताजे अंडे साधारण १.०८ ते १.०९ घनतेच्या द्रावणात तरंगू लागते, पण शिळ्या अंड्यातील हवेची पोकळी वाढलेली असल्याने ते पुष्कळ कमी घनतेतही वर येते. हायड्रोमीटर नसेल तर एक बाटली व वजनकाटा पुरे. समजा, रिकामी बाटली ३० ग्रॅम, काठोकाठ पाण्याने १०४५ ग्रॅम आणि त्याच बाटलीत काठोकाठ द्रावण भरल्यावर १११० ग्रॅम भरली. पाणी १०१५, द्रावण १०८०; १०८० ÷ १०१५ = १.०६. बाटली नेमकी किती लिटरची आहे, हे माहीत असण्याची गरजच नाही.

मग किती घनता ठेवावी? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत रूढ करणाऱ्या जपानमध्ये कुसे नसलेल्या साध्या भातासाठी १.१३, कुसे असलेल्यासाठी १.१० आणि चिकट भातासाठी १.०८ अशी घनता ठरली. याचा अर्थ वाणाचा आकार, कुसे व टरफल यांनुसार मर्यादा बदलते. लांब, सडपातळ दाण्याच्या पुसा बासमती ११२१ किंवा १५०९ साठी जपानी आकडा उचलणे धोक्याचे; टरफल व दाणा यांतील पोकळीमुळे चांगले बीही तरंगून वाया जाऊ शकते. आधी १०० दाण्यांवर चाचणी घ्यावी. १.०६ च्या द्रावणात तरंगलेले दाणे सोलून पाहिल्यास ते पोचट आहेत की भरलेले, हे लगेच कळते. भरलेले आढळले, तर मीठ कमी करावे.

या दोन्ही वाणांवर बकाने रोग, म्हणजे हरियाणातील झंडा रोग, सहज पडतो. हलके दाणे गेल्याने रोपे एकसारखी येतात, तथापि बुरशीने ग्रस्त पण वजनदार दाणा बुडतो व बियाण्यातच राहतो. म्हणून बुडालेले बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे, सावलीत सुकवावे आणि शिफारशीत बुरशीनाशकाची प्रक्रिया न चुकविता करावी. मीठ नीट धुतले गेले नाही, तर उगवण मंदावते.