पायात पिसं म्हणजे ब्रह्माच का?

प्रश्न : आठवडी बाजारातून ‘अस्सल ब्रह्मा’ म्हणून एक कोंबडा आणला. नडगीपासून बोटांपर्यंत भरगच्च पिसं. आमच्या गावठी कोंबड्यांत सोडला आणि पंधरवड्याने एका खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली. निघालेल्या पिल्लांपैकी निम्म्यांच्या पायांवर लव आहे, निम्म्यांचे पाय साफ उघडे. शेजारी म्हणतात, कोंबडा भेसळीचा आहे. खरं काय? आणि मुळात कोंबडीच्या पायाला पिसं येतात तरी कशी?
— एक वाचक, कोरेगाव (सातारा)

उत्तर : शेजाऱ्यांचा संशय रास्त आहे, पण निकाल देण्याआधी एक गोष्ट तपासा. हा कोंबडा येण्यापूर्वी तुमच्या अंगणात दुसरा कोंबडा होता का? नर-मादी एकदा लागले की कोंबडीच्या पोटात शुक्राणू दोन-तीन आठवडे जिवंत राहतात. जुना कोंबडा विकला, नवा आणला आणि पंधरवड्यात अंडी बसवली, तर त्यातली काही पिल्लं जुन्याचीच असू शकतात. पिल्लांचा बाप नक्की ठाऊक हवा असेल, तर जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि त्यानंतरचीच अंडी बसवावीत.

दुसरा कोंबडा नव्हताच, शेजारचाही कुंपण ओलांडून येत नव्हता, अशी खात्री असेल तर मात्र शेजारी बरोबर. पायातल्या पिसांचा गुण उघड्या पायावर मात करतो, पण पुरती नाही. कोंबड्याला तो आई आणि बाप अशा दोघांकडून मिळालेला असेल, तर गावठी कोंबडीपासून झालेल्या त्याच्या प्रत्येक पिल्लाच्या पायावर थोडीफार पिसं यायला हवीत. बापाइतकी दाट नाहीत, विरळच, पण हवीत. निम्मी पिल्लं उघड्या पायांची निघाली, याचा अर्थ कोंबड्याकडे तो गुण बहुधा एकाच बाजूने आलेला आहे. थोडक्यात, तो संकरातला आहे.

ही परीक्षा पिल्लू अंड्यातून बाहेर पडलं त्याच दिवशी करता येते. पिल्लू उताणं हातात धरा आणि उजेडात नडगीची बाहेरची कड पाहा. पिसं येणार असतील तर तिथे आणि बाहेरच्या बोटावर बारीक लव दिसते. ती ओली असताना कातडीला चिकटून बसते आणि दिसत नाही, म्हणून पिल्लू पूर्ण वाळल्यावरच पाहा. पायांवरून पिल्लं वेगळी करायची असतील, तर पंखाला किंवा पायाला खूण त्याच वेळी करून ठेवा.

आता पिसं येतात कशी, ते पाहू. अंड्यात जीव घडत असताना मागच्या अवयवाचा पाय व्हावा आणि पुढच्याचा पंख, हे ठरवणारी जनुकं वेगवेगळी असतात. पिट्क्स-वन हे जनुक मागच्या बाजूला काम करतं, टीबीएक्स-फाइव्ह पुढच्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की पायात पिसं असलेल्या कोंबड्यांमध्ये पिट्क्स-वनच्या शेजारचा डीएनएचा एक तुकडा गळालेला असतो. त्यामुळे त्या जनुकाचा जोर कमी पडतो. त्याचबरोबर एरवी पंखात चालणारं टीबीएक्स-फाइव्ह पायातही चालू झालेलं आढळतं. म्हणजे पाय पायच राहतो, पण त्याच्या घडणीत पंखाचा थोडा अंश येतो आणि खवल्यांच्या जागी पिसं उगवतात. पायात पिसं असलेल्या कबुतरांमध्येही याच दोन जनुकांचा खेळ २०१६ साली उघड झाला होता. कोंबडी आणि कबुतर हे दूरचे नातेवाईक. दोघांच्या पायात पिसं आली ती स्वतंत्रपणे, पण वाट तीच.

म्हणून पायातली पिसं हा जातीचा दाखला नव्हे. तो एक सुटा गुण आहे आणि संकरातून कुठल्याही कोंबडीत उतरू शकतो. ब्रह्मा ओळखायची तर सगळी लक्षणं एकत्र पाहावी लागतात. तुरा बसका, वाटाणे तीन ओळींत लावल्यासारखा. कपाळ रुंद, भुवया पुढे आलेल्या. बोटं चार. अंगाने थोराड, पण वाढ सावकाश. तलंग अंड्यावर यायला सात महिने किंवा जास्तही घेते. पूर्ण वाढलेला कोंबडा पाच-साडेपाच किलोचा, कोंबडी चार किलोच्या पुढे. कोचीनही पायात पिसं असलेलीच, पण तिचा तुरा एकेरी, उभा, दातेरी. आणि अंगावर पिसांचा एवढा फुलोरा की आकार गोलच दिसतो. बसका तुरा असीललाही असतो. त्यामुळे नुसता तुरा किंवा नुसते पाय पाहून पैसे मोजू नका. आईबाप दाखवा म्हणा.

जाता जाता एक गैरसमज. ‘ब्रह्मा’ नावावरून ती आपल्याकडची जात वाटते. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं हे खरं. पण जात घडली अमेरिकेत, १८४०-५० च्या सुमारास. शांघायहून आलेल्या थोराड कोंबड्या आणि चितगावकडच्या बंगाली कोंबड्या यांच्या संकरातून ती उभी राहिली, असं मानलं जातं. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने १८५२ साली अशा नऊ कोंबड्या राणी व्हिक्टोरियाला भेट पाठवल्या आणि मागणी भडकली. अमेरिकेत तेव्हा कोंबड्यांचं वेडच पसरलं होतं. त्या वेडावर याच बर्नहॅमने १८५५ साली एक खुसखुशीत पुस्तकही लिहिलं. तेव्हा ‘अस्सल’ म्हणून भलतंच गळ्यात मारणं हा प्रकार काही आजचा नाही.

प्रश्न : सिल्कीच्या पायातही पिसं असतात आणि मांस काळं असतं. मग ती कडकनाथाच्याच कुळातली का? दोन्ही एकत्र ठेवल्या तर चालेल का?
— एक वाचक, जामखेड

उत्तर : कूळ वेगळं, काळेपणा मात्र एकाच कारणाचा. कातडी, मांस, हाडांवरचा पापुद्रा इथपर्यंत काळा रंग पोचवणारा जनुकीय बदल दोघींत सारखाच आहे. पण कडकनाथ झाबुआची, मध्य प्रदेशातली; तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचे पाय उघडे, बोटं चार, पिसं नेहमीसारखी. सिल्की चीनकडची. तिच्या पायात पिसं, बोटं पाच, कानाची पाळी निळसर आणि अंगावरची पिसं कापसासारखी मोकळी, कारण पिसाचे तंतू एकमेकांत अडकवणारे आकडेच तिला नसतात.

एकत्र ठेवायला हरकत नाही, पण कोंबडा एकाच जातीचा ठेवा आणि त्याच जातीच्या कोंबडीची अंडी बसवा. कारण संकर झाला तर पिल्लं काळीच निघतात, सिल्कीची मोकळी पिसं मात्र पहिल्या पिढीत लपतात. पिल्लू थेट कडकनाथासारखं दिसतं आणि तसंच विकलंही जातं. अशा वेळी पाय खरं बोलतात. कडकनाथ म्हणून आणलेल्या कोंबडीच्या नडगीवर पिसांचे खुंट असतील किंवा मागे पाचवं बोट असेल, तर पैदाशीला ती ठेवू नका.

सिल्कीचा खरा उपयोग अंडी उबवायला. ती वरचेवर खुडूक होते आणि दुसरीची अंडीही एकवीस दिवस निमूटपणे उबवते. ब्रह्माची अंडी तिच्याखाली ठेवणं कधीही बरं. ब्रह्मा स्वतः बसली तर तिच्या वजनाने अंडी फुटण्याची भीती असते.

प्रश्न : पावसात आमच्या कोचीनच्या पायांना चिखलाचे गोळे चिकटतात. पिसं कापून टाकावीत का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : वाढलेली, वाळकी टोकं कात्रीने छाटा, पण उपटू नका. उपटलं तर नवं पीस येतं, आणि कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असतं. ते मोडलं की भळभळतं, रक्त दिसताच बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात, आणि एकदा चटक लागली की थांबत नाहीत. असं झालंच तर स्वच्छ फडक्याने दाबून धरा आणि जखम भरेपर्यंत ती कोंबडी वेगळ्या डालग्याखाली ठेवा.

चिखलाचे गोळे ओढून काढू नका. पाय कोमट पाण्यात भिजवा, गोळा विरघळू द्या, मग फडक्याने पूर्ण कोरडा करा. पण खरा इलाज खुराड्यात आहे. तळाला भाताच्या तुसाचा चार बोटं थर द्या, रोज हलवा, ओला भाग लगेच काढा. पाण्याचं भांडं विटांवर ठेवा, म्हणजे सांडलवंड कमी होईल. बसायची फळी रुंद आणि जमिनीपासून फूटभरच उंच असू द्या. जड कोंबडी उंचावरून उडी मारते, पंजाला खालून इजा होते आणि तिथे गळू धरतं. पावसाचा जोर असेल त्या दिवशी कोंबड्या बाहेर सोडूच नका.

पिसांआड लपणारा दुसरा त्रास म्हणजे पायाची खरूज. डोळ्यांना न दिसणारे किडे खवल्यांखाली शिरतात, खवले उचलले जातात, पाय खडबडीत आणि पांढुरके दिसतात. उघड्या पायावर हे पटकन कळतं, कोचीनमध्ये कोंबडी लंगडू लागेपर्यंत कळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा पिसं बाजूला सारून बोट फिरवून पाहा. खरूज असेल तर पाय साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने साफ करा, वाळवा, आणि व्हॅसलिन दाट चोळा. तीन-चार आठवडे हे दर दोन-तीन दिवसांनी करावं लागतं, आणि एकीला झालं तरी सगळ्यांचे पाय तपासायचे. रॉकेल लावायची जुनी पद्धत सोडा, कातडी भाजते. गुण आला नाही तर पशुवैद्यकांकडून औषध घ्या आणि त्या काळातली अंडी खायची की नाही, हेही त्यांनाच विचारा.

उन्हाळ्यात त्रास उलट. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तुरा आणि उघडे पाय उपयोगी पडतात. पाय झाकलेले आणि अंगावर फुलोरा, म्हणजे सावली आणि थंड पाणी हवंच. खाणं सकाळी लवकर आणि संध्याकाळी द्या. पैदास करायची असेल तर कोचीनच्या गुदद्वाराभोवतीचा पिसांचा झुबका कातरा. नाही तर नर-मादी नीट लागत नाहीत आणि अंडी फोल जातात.

एवढी उस्तवार जमणार नसेल, तर कोकणात शुद्ध कोचीनचा अट्टाहास धरू नका. गावठी कोंबडीशी संकर करा. पिल्लांच्या पायात पिसं येतील, पण विरळ. चिखल कमी धरतील आणि खवले नजरेसमोर राहतील. मात्र विकताना संकर म्हणूनच विका.