डॉक्टर मोबाईलमध्ये काय बघतात?

प्रश्न : वडिलांना (वय ७१) न्यूमोनिया झाला. डॉक्टर बराच वेळ त्यांचं मनगट धरून बसले, रक्ताचा रिपोर्ट वाचला आणि मग आमच्यासमोरच मोबाईल काढून काहीतरी टाइप केलं. म्हणाले, "अ‍ॅडमिट करायला नको, गोळ्या देतो, परवा दाखवा." बाबा आता बरे आहेत. पण गूगल करूनच औषध द्यायचं, तर ते आम्ही घरी नसतं का केलं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : मी तिथे नव्हतो, पण ते गूगल नसावं. बहुधा 'कर्ब-६५'चा हिशेब असावा. २००३ मध्ये ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या हजारेक न्यूमोनिया-रुग्णांच्या नोंदींवरून ही गुणपद्धत बेतली गेली. पाच गोष्टी बघायच्या : बोलण्यात गोंधळ, रक्तातला वाढलेला युरिया, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, उतरलेलं ब्लडप्रेशर आणि ६५ किंवा त्यापुढचं वय. प्रत्येकी एक गुण. शून्य-एक आला तर घरी उपचार चालतात, दोन आला की रुग्णालयाचा विचार करायचा, तीन किंवा जास्त आला की प्रकरण गंभीर. बाबांचा एक गुण वयानेच आधी खिशात टाकलेला! 'एमडीकॅल्क'सारख्या साइटवर असे शेकडो हिशेब फुकट मिळतात. अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी ती २००५ मध्ये सुरू केली.

म्हणजे तुम्हालाही ती साइट उघडता येईल. पण आत भरणार काय?

युरियाचंच घ्या. आपल्याकडे बऱ्याच लॅब 'ब्लड युरिया' देतात. अमेरिकेत युरियातला फक्त नायट्रोजन मोजतात, त्याला बीयूएन म्हणतात. रक्त तेच, पण युरियाचा आकडा बीयूएनच्या दुपटीहून थोडा जास्त येतो. 'कर्ब'ची मर्यादा बीयूएनमध्ये १९, तर युरियात साधारण ४२ मिलिग्रॅम. समजा बाबांचा युरिया ३४ आहे. काळजीचं कारण नाही. पण तोच ३४ बीयूएनच्या ओळीत धरला, की एकाचे दोन गुण होतात आणि नीट बोलणारा माणूस वॉर्डातल्या खाटेवर जातो. घाईत मी स्वतः एकदा हे केलंय. सिस्टरने रिपोर्टवर बोट ठेवलं म्हणून वाचलो. मोबाईलने काही हूं की चूं केलं नाही.

उलट, ऑक्सिजन 'कर्ब'मध्ये मोजतच नाहीत. कोविडनंतर घराघरांत ऑक्सिमीटर आला, तरी ही गुणपद्धत जुनीच आहे. ऑक्सिजन वेगळा बघावाच लागतो. बाबांना गोळ्या पोटात टिकतात का, रात्री सोबत कोण असतं, हेही त्यात नाही. हृदयविकाराचा धोका सांगणारं ब्रिटिश 'क्यूरिस्क' तर तिथला पोस्टकोड विचारतं. चिपळूणचा पिनकोड टाकून उपयोग नाही, ती जागा कोरीच सोडायची.

हिशेबापलीकडे वाचायला लागतं तेव्हा डॉक्टर 'अपटुडेट' उघडतात. बोस्टनचे किडनीतज्ज्ञ बर्टन रोज यांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं, तेव्हा ते फ्लॉपीवर यायचं. आता ऑनलाइन आहे, आणि वर्गणी छोट्या दवाखान्याला जड जाते. उपचारांवरच्या संशोधनाचे आढावे देणारी 'कॉक्रेन लायब्ररी' मात्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशाची वर्गणी भरून २००७ मध्ये सगळ्या भारतीयांना खुली केली. शिवाय आयसीएमआरचे स्वतःचे उपचारांचे तक्ते आहेत, एकेका पानाचे, फुकट. तालुक्याच्या ओपीडीत मला ते जास्त कामाचे वाटतात, कारण 'इथून पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवा' हेही त्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता त्या मनगटाबद्दल. नाडीचे ठोके मोजायला इतका वेळ लागत नाही. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून आम्ही नाडी धरल्याचं निमित्त करतो आणि नजर ठेवतो ती सदऱ्याच्या वर-खाली होण्यावर. तुमचे डॉक्टर बहुधा तेच करत होते. घरीही श्वास मोजायचा असेल, तर बाबा झोपलेले असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पुन्हा कधी असा ताप-खोकला झाला आणि श्वास ३० च्या घरात गेला, ऑक्सिजन ९४ च्या खाली आला किंवा बाबा असंबद्ध बोलायला लागले, तर 'परवा'ची वाट न बघता त्यांना लगेच घेऊन निघा.